शुल्क तेच, क्रम वेगळा

वाहतूक नियोजनाच्या कामात असल्यामुळे पाहणी दौऱ्यांचे अहवाल माझ्या टेबलावर येतच असतात. त्यांचा सूर ठरलेला असतो: अमुक शहरात झालं, मग इथे का नको? फोटो भरपूर, पण त्या शहरात हे कुठल्या कायद्यानं झालं, पैसे कोणाकडे जमा होतात, विरोध कोणी केला, याबद्दल फार तर अर्धं पान. मी मात्र आधी ते अर्धं पान शोधते. ही सवय मला गर्दी शुल्काच्या इतिहासानं लावली.

शहराच्या गजबजलेल्या मध्यभागात गाडी न्यायची तर पैसे भरायचे, एवढीच कल्पना. सिंगापूरनं ती १९७५ मध्ये अमलात आणली. काचेवर कागदी परवाना लावायचा आणि प्रवेशाच्या कमानीपाशी उभ्या कर्मचाऱ्यांनी तो नजरेनं तपासायचा. पुढे हाँगकाँगनं १९८३ ते १९८५ या काळात इलेक्ट्रॉनिक पद्धतीची चाचणी घेतली. यंत्रणा उत्तम चालली, तरी योजना बारगळली. कोणाची गाडी कधी कुठे गेली याची नोंद सरकारकडे राहील, ही लोकांची भीती त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक होती. सिंगापूर १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक झालं तेव्हा गाडीतल्या यंत्रात पैसे भरलेलं कार्ड घालायचं आणि रक्कम जागच्या जागी वळती व्हायची. त्यामुळे फेऱ्यांची नोंद ठेवून दर महिन्याला घरी बिल पाठवायची गरजच उरली नाही. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो.

लंडननं फेब्रुवारी २००३ मध्ये ५ पौंडांचं शुल्क लावलं, तेही कमानी न उभारता, नंबर प्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांच्या भरवशावर. महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी निवडणुकीतच ते जाहीर केलं होतं. शुल्क लावायचा अधिकार महापौरांना १९९९ च्या कायद्यानं मिळाला होता आणि त्यातून येणारा पैसा वाहतुकीवरच खर्च करायचा, असं बंधनही होतं. त्यानंतर लंडनला भेट देणाऱ्या शिष्टमंडळांना तोटा नव्हता.

इथून पुढची गोष्ट मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. एडिनबरानं असंच शुल्क लावायचं ठरवलं आणि आधी लोकांना विचारलं. फेब्रुवारी २००५ च्या मतदानात जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी नकार दिला आणि योजना तिथेच संपली. स्टॉकहोमलाही विरोध कमी नव्हता. तिथे ऑगस्ट २००५ पासून जादा बस सुरू झाल्या. मग जानेवारी ते जुलै २००६ असं सात महिने शुल्क प्रत्यक्ष लावलं आणि थांबवलं. त्या काळात शुल्काच्या हद्दीवरून ये-जा करणारी वाहनं सुमारे २० टक्क्यांनी घटली. मतदान झालं ते त्यानंतर, सप्टेंबरमध्ये, आणि शहरानं थोड्या फरकानं होकार दिला. ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झालं.

एडिनबराच्या लोकांपुढे मतदानाच्या वेळी फक्त पैसे भरायची धास्ती होती. स्टॉकहोमच्या लोकांनी पैसेही भरले होते आणि मोकळे रस्तेही पाहिले होते. माझ्या मते निकाल फिरवणारी गोष्ट हीच. एडिनबराला निघालेला पाहणी दौरा मात्र मी अजून पाहिलेला नाही. जिथे योजना पडली तिथेच शिकण्यासारखं अधिक असतं, हे मी बैठकांमध्ये कळकळीनं मांडत असते.

अर्थात स्टॉकहोमचीही गोष्ट फोटोत दिसते तितकी गुळगुळीत नाही. आजूबाजूच्या ज्या नगरपालिकांनी मतदान घेतलं, त्या मिळून कौल विरोधात गेला होता. शिवाय स्वीडनच्या कायद्यानुसार महापालिकेला हे शुल्क स्वतः लावता येत नव्हतं, म्हणून संसदेनं कायदा करून त्याला राष्ट्रीय कराचं रूप दिलं. परिणाम असा की, पैशाचा निर्णय राष्ट्रीय सरकारच्या हाती गेला आणि मतदानाच्याच वर्षी, २००६ मध्ये, सत्तेवर आलेल्या सरकारनं तो पैसा त्या भागातल्या नव्या रस्त्यांकडे वळवला. म्हणजे लंडनच्या योजनेचं हे कलम दुसऱ्या मातीत रुजलं खरं, पण फळ निराळं आलं.

मिलाननं २००८ मध्ये सुरुवात केली ती प्रदूषणाच्या अंगानं: जितकी गाडी धूर ओकणारी तितके पैसे जास्त. गर्दीसाठी सरसकट शुल्क तिथे २०१२ मध्ये आलं.

न्यूयॉर्कची वाट सर्वांत लांबलेली. २००७ साली महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी प्रस्ताव मांडला, पण संमती हवी होती राज्याच्या विधिमंडळाची, आणि तिथे २००८ मध्ये त्यावर मतदानदेखील झालं नाही. कायदा २०१९ मध्ये झाला. अंमलबजावणी तोंडावर आली असताना जून २०२४ मध्ये गव्हर्नरांनी ती रोखली. अखेर १५ ऐवजी ९ डॉलर दरानं ५ जानेवारी २०२५ ला शुल्क सुरू झालं. यातला पैसा सार्वजनिक वाहतुकीसाठी राखलेला आहे आणि त्याच्या बळावर कर्ज उभारून मेट्रोची कामं करायची आहेत. आता तिथेही शिष्टमंडळं जातील. त्यांनी कॅमेरे जरूर पाहावेत, पण २००८ ते २०१९ या अकरा वर्षांत ही योजना कोणी जिवंत ठेवली, तेही विचारून यावं.