बोरघाट मांडणी : बँकर आता भांडत नाहीत

मंडळी, चढला! माझ्या बोरघाटाच्या मॉडेल रेल्वे मांडणीवर भरलेल्या बॉक्सएन (उघड्या मालवाहू) वाघिणींचा पूर्ण रेक कर्जत यार्डातून निघाला, ठाकूरवाडीचं वळण घेऊन मंकी हिलवरून थेट लोणावळ्यात शिरला आणि एकही चाक रुळावरून उतरलं नाही. पुढे एक डब्ल्यूएजी-७ हे मालगाडीचं विजेचं इंजिन, मागे तशीच दोन. त्यानंतर पुन्हा पुन्हा चढवून पाहिला, रेक मुद्दाम चढावर उभा करून तिथूनही उचलला. चढतोय. ही मांडणी ज्यासाठी सुरू केली ते घडलं, म्हणून आज सविस्तर लिहितो.

गेल्या दोन्ही नोंदी या एकाच रडगाण्याच्या होत्या, त्यामुळे पार्श्वभूमी थोडक्यात. चढ खऱ्या घाटाचाच, १ : ३७. म्हणजे ७.४ मीटरच्या चढणीत २० सेंमी उंची. एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकारात, हा चढ भलताच तीव्र आहे, आणि त्यावर माझी वळणं ७६० मिमी त्रिज्येची, त्यामुळे वळणातला विरोध वर वेगळा. एकटं इंजिन निम्मा रेकही नेत नाही. मागून ढकलायला जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावले की ठाकूरवाडीच्या वळणावर ठरलेला प्रकार: बँकर जरा वेगात असले की मधल्या वाघिणी दाबल्या जाऊन वळणाच्या बाहेर पडायच्या, बँकर जरा मागे राहिले की रेक ताणला जाऊन आत कलंडायचा. या दोन टोकांच्या मधली जागा इतकी अरुंद की इंजिनं गरम झाली तरी सगळं बिघडायचं.

मॉडेल डीसीसीवर चालतात: रुळांतून प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम जातो आणि इंजिनातला डिकोडर तो वाचून मोटर चालवतो. डीसीसीवाल्यांचा पहिला सल्ला नेहमीचाच: स्पीड मॅचिंग करा, म्हणजे इंजिनांचे वेग जुळवा. ते मी मनापासून केलं. डिकोडरप्रो या सॉफ्टवेअरमध्ये बसून सीव्ही (डिकोडरमधल्या बदलता येणाऱ्या सेटिंग) ६७ ते ९४ हा अठ्ठावीस पायऱ्यांचा वेगतक्ता तिन्ही इंजिनांसाठी भरला, वेग वाढण्या-उतरण्याचे सीव्ही ३ आणि ४ सारखे केले, सपाट रुळावर तिन्ही इंजिनं सुटी सोडली तर अंतर हलायचं नाही इतकी जुळवली. चढावर मात्र तेच. मोटरचा प्रवाह मोजला तेव्हा खेळ दिसला. पुढचं इंजिन ०.६ अँपिअर घेतंय आणि मागची दोन जेमतेम ०.१, वळण आलं की एकदम उलटं. म्हणजे वेग जुळलेला, भार अजिबात वाटला गेलेला नाही.

याचं कारण डिकोडरच्या बॅक-ईएमएफ नियंत्रणात आहे. डिकोडर क्षणभर पीडब्ल्यूएम (मोटरला झटपट चालू-बंद करून दिलेली वीज) थांबवतो, फिरणाऱ्या मोटरने निर्माण केलेला व्होल्टेज मोजतो आणि त्यावरून वेग ओळखतो. वेग केसभर कमी दिसला की जोर वाढवतो, आणि पीआयडी या नियंत्रणपद्धतीमधला ‘आय’ म्हणजे इंटिग्रल भाग तो फरक शून्य होईपर्यंत जोर साठवत राहतो. एका इंजिनाला हे उत्तम. एकाच रेकला तीन अशी हट्टी इंजिनं जोडली की प्रत्येकाला ‘माझा वेग खरा’ असं वाटतं आणि ती एकमेकांविरुद्ध जोर लावतात. त्यात आपल्या मॉडेलमध्ये वर्म गिअर. खऱ्या इंजिनाला मागून ढकललं तर चाकं फिरतात, मोटर फिरते. वर्म गिअरमध्ये चाकाकडून मोटर फिरत नाही. त्यामुळे जे इंजिन कणभर हळू आहे ते नुसतं मागे राहत नाही, ते चक्क ब्रेक बनतं.

रोबोटिक्स करणाऱ्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. दोन रोबोट हात एकच वस्तू धरतात आणि दोघांनाही जागेचं कडक नियंत्रण दिलेलं असतं, तेव्हा वस्तू मोडते. म्हणून तिथे एका हाताला तरी नरम ठेवतात: जागा पाळ, पण विरोध आला की थोडं सोड. हे मी वाचलेलं होतं, वापरलेलंही होतं. पण इंजिनाच्या बाबतीत ते डोक्यात आणून दिलं आपल्या गटातल्या काकांनी. काका घाटात इंजिन चालवून निवृत्त झालेले. त्यांना मी मोठ्या उत्साहाने वेगतक्ते दाखवत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘अरे, बँकरवाला वेग कशाला बघेल? वेग पुढचा ठरवतो. मागचा अँपिअर बघतो.’’

या एका वाक्यावर मी पुढचे सगळे दिवस काम केलं.

खऱ्या डब्ल्यूएजी-७ मध्ये सहा डीसी सिरीज मोटर असतात. सिरीज मोटरचा स्वभावच असा की भार वाढला की वेग पडतो, भार हलका झाला की वेग वाढतो. एक इंजिन पुढे धावायला लागलं की त्याच्यावर भार येतो आणि ते आपोआप मंदावतं, मंदावलेल्याचा भार कमी होतो आणि ते वेग धरतं. दोन इंजिनांमध्ये एकही तार नसताना भार वाटला जातो. हे शहाणपण मोटरच्या घडणीतच आहे, त्याला कुठलं सॉफ्टवेअर लागलेलं नाही. आणि आपण डिकोडरमध्ये नेमका हाच गुण मारून टाकतो, वर त्याची जाहिरात ‘चढावरही वेग ढळत नाही’ अशी असते!

आधी मी दुसरं टोक गाठून पाहिलं: बँकरना वेगाचं नियंत्रणच नको, फक्त ठरावीक प्रवाह द्यायचा, म्हणजे ठरावीक जोर. कागदावर सुंदर. पण कमी वेगात वर्म गिअरचं घर्षणच निम्मा जोर खातं, आणि हे घर्षण स्थिर असताना वेगळं, फिरताना वेगळं. बँकर अडून बसायचा, मग एकदम झेप घ्यायचा. रेक उचलताना तर धक्के शेवटच्या वाघिणीपासून पुढपर्यंत जाताना दिसायचे. हा मार्ग वर्म गिअरवाल्या मॉडेलसाठी बंद आहे असं माझं स्पष्ट मत झालंय.

मग मधला मार्ग, जो आता चालतोय. वीजनिर्मितीत अनेक जनित्रं एकाच जाळ्यावर भार वाटून घेतात ती ‘ड्रूप’ पद्धत. वेगाचं नियंत्रण ठेवायचं, पण लक्ष्यच भारानुसार खाली सरकवायचं:

लक्ष्यवेग = थ्रॉटलचा वेग − (क × मोटरचा प्रवाह)

बस, एवढंच. ‘क’ हा आपण ठरवायचा आकडा. पुढच्या इंजिनाला ‘क’ लहान, बँकरना मोठा. पुढचा वेग ठरवतो, मागचे नरम राहून ढकलतात. काकांचं वाक्य एका ओळीत उतरलं. गंमत ‘क’ ठरवण्यात नाही, प्रवाह किती गाळून घ्यायचा त्यात आहे. न गाळता वापरला तर रुळाच्या प्रत्येक सांध्यावर बँकर दचकतो. फार गाळला तर उशिरा कळतं आणि दोन्ही बँकर आळीपाळीने पुढे-मागे झुलायला लागतात. अर्ध्या सेकंदाच्या आसपास जमलं. आता चढावर तिन्ही इंजिनांचा प्रवाह ०.२८ ते ०.३५ च्या दरम्यान राहतो, वळणातसुद्धा.

आणि खरा आनंद वेगळाच आहे. रेक चढाला लागला की वेग हळूहळू पडतो. थ्रॉटल न हलवता. खंडाळ्याकडे चढ सौम्य झाला की पुन्हा धरतो. घाटात खिडकीशी बसून जे जाणवतं ते पहिल्यांदा माझ्या मांडणीवर दिसलं. मी बराच वेळ नुसता ते बघत बसलो.

हार्डवेअर विचाराल म्हणून, डिकोडर मी स्वतःच बनवलाय: ईएसपी३२-सी३ हा छोटा कंट्रोलर, डीआरव्ही८८७१ मोटर ड्रायव्हर, आयएनए२१९ प्रवाहमापक. आयएनए२१९ मोटरच्या तारेत लावू नका, ड्रायव्हरच्या पुरवठ्याच्या बाजूला लावा. मोटरच्या बाजूला पीडब्ल्यूएममुळे आकडे नाचतात. बॅक-ईएमएफ वाचताना ईएसपी३२ चा एडीसी (व्होल्टेज मोजून आकडा देणारा भाग) दोन्ही टोकांना सरळ वागत नाही, तेव्हा व्होल्टेज विभाजक असा निवडा की वाचन मधल्या पट्ट्यात पडेल. डब्ल्यूएजी-७ चं कवच लांबलचक असल्याने हे सगळं आणि कीप-अलाइव्हचे (क्षणभर वीज तुटली तरी इंजिन चालू ठेवणारे) कपॅसिटर आत आरामात बसतात. सुटे भाग पुण्यातल्या पासोड्या विठोबाच्या गल्लीतून आणले. ऑनलाइन दोन रुपये स्वस्त मिळतात, पण तिथे ड्रायव्हर चिप हातात घेऊन बघता येते आणि दुकानदाराला आपण काय करतोय यात रस असतो. बँकरच्या चाकांवरचे रबरी टायर काढून टाका. चाक थोडं घसरू शकलं पाहिजे, तोच सगळ्यात स्वस्त फ्यूज आहे.

आता मुळात स्वतःचा डिकोडर लिहायची वेळ का आली, ते. मी वापरत होतो त्या परदेशी डिकोडरमध्ये ‘आय’ भाग शून्य करता येतो, पण प्रवाहाचं वाचन कंपनी बाहेर देतच नाही. फर्मवेअर बंद, बदलायचं तर त्यांचंच उपकरण आणि त्यांचंच ॲप, आणि ॲपला आता वार्षिक वर्गणी. मी स्वतः सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. वर्गणीवर पगार होतात हे मला ठाऊक आहे आणि जिथे सर्व्हर सतत राबतो तिथे ती मागणं रास्तही आहे. पण माझ्या टेबलावरच्या इंजिनातला एक आकडा बदलायला दरवर्षी पैसे मागणं मला पटत नाही. वस्तू विकली की तिच्या आत बघायचा हक्कही विकला गेला पाहिजे.

आपल्या छंदाने या बाबतीत सॉफ्टवेअर जगाला एक मोठी गोष्ट दिली आहे आणि ती आपल्यातल्याच अनेकांना माहीत नसते. आपण रोज वापरतो त्या जेएमआरआय या मॉडेल रेल्वेच्या मुक्त सॉफ्टवेअरचे (डिकोडरप्रो त्याचाच भाग) बॉब जेकबसन हे बर्कलीतले भौतिकशास्त्रज्ञ. मॅथ्यू कॅट्झर नावाच्या व्यावसायिकाने आधी त्यांच्याकडे पेटंटच्या नावाखाली पैसे मागितले. पुढे उघड झालं की जेएमआरआयच्या स्वयंसेवकांनी खपून तयार केलेल्या डिकोडर व्याख्यांच्या फायली श्रेय न देता कॅट्झरच्या उत्पादनात गेल्या होत्या. खालच्या न्यायालयाने हा फार तर कराराचा भंग ठरवला. १३ ऑगस्ट २००८ ला अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला: मुक्त परवान्याच्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. २०१० मध्ये तडजोड झाली, कॅट्झरने एक लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. आज मोठमोठ्या कंपन्यांचे वकील मुक्त परवान्यांबद्दल बोलताना ज्या निकालाचा आधार घेतात तो आगगाडीच्या छंदातून आलाय. म्हणून माझं फर्मवेअर मी मुक्त परवान्याखालीच देणार. रुळांत हुकूम सोडणारं कमांड स्टेशन डीसीसी-ईएक्स आहेच, तेही मुक्त.

ठाकूरवाडीचं कॅच सायडिंगही (उतारावर सुटलेली गाडी अडवणारा बाजूचा रूळ) आता खऱ्यासारखं वागतं. उतरणारी गाडी आली की मार्ग बदलणारा सांधा सायडिंगकडेच लागलेला असतो, गाडी पूर्ण थांबल्याचं सेन्सरला कळल्याशिवाय मुख्य मार्ग मिळत नाही. वीज आल्याबरोबर सांधा हलवणारे सर्वो झटका मारायचे, ते पीसीए९६८५ ही सर्वो चालवणारी चिप लावल्यापासून थांबलं. आणि ज्यांनी घाटातलं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन (जिथे गाडी दिशा उलटवून पुढे जायची) करा असा आग्रह धरला होता त्यांच्यासाठी: ते १९२९ मध्येच बंद झालं आणि डब्ल्यूएजी-७ आलं १९९२ मध्ये, दोन्ही एका मांडणीत मी ठेवणार नाही.

प्रवाशांच्या गाड्यांना बँकर बरा की पुश-पुल, असा मागे वाद झाला होता, त्यात मी अजून तिथेच आहे. २०१९ मध्ये मुंबईहून नाशिकमार्गे निघालेली राजधानी दोन्ही टोकांना इंजिन घेऊन पुश-पुल धावू लागली आणि कसारा घाटासाठी बँकर जोडायचा-काढायचा थांबा वाचला. बँकर जोडताना फलाटावर उभं राहून बघणं मला जिवापाड आवडतं, तरी प्रवाशाच्या बाजूने पुश-पुलच योग्य आहे. दोन इंजिनं एका चालकाच्या हाती नीट बांधणारं सॉफ्टवेअर हा रेल्वेतला सगळ्यात कमी कौतुक झालेला भाग आहे.

हे लिहिता लिहिताच बेत बदलला. पुढे मी ईएसपी-नाउ या बिनतारी पद्धतीने पुढच्या इंजिनाचा प्रवाह बँकरना पाठवणार होतो. ड्रूप चालत असताना त्याची गरज उरली नाही, आणि बिनतारी संदेशावर रेकचा जीव टांगणं तसंही मला नको होतं. पण तीच व्यवस्था पुश-पुलला हवी, तिथे दोन्ही इंजिनं खरंच एका हुकमाने चालतात. म्हणजे एकाच डिकोडरमध्ये दोन स्वभाव: बँकर म्हणून जोडला तर ड्रूप, पुश-पुल म्हणून जोडला तर रेडिओ. सीव्हीच्या एका बिटने बदलता येईल.

त्याआधी मात्र डायनॅमोमीटर डबा. खऱ्या रेल्वेत इंजिनाची ओढ मोजायला असे डबे असायचे. शेवटची वाघीण आणि बँकर यांच्या मधे शंभर ग्रॅमचा लोड सेल (जोर मोजणारा सेन्सर) आणि त्याचं वाचन घेणारी एचएक्स७११ चिप, सेकंदाला ८० वाचनं, थेट मेमरी कार्डावर. प्रवाहावरून जोराचा अंदाज बांधणं आणि जोर प्रत्यक्ष मोजणं यात फरक आहे, आणि वर्म गिअरमुळे तो मोठा आहे. एक अडचण उरलीच आहे: लोणावळ्याच्या तोंडाशी चढ संपून सपाटी येते तिथे पुढचं इंजिन हलकं होऊन ओढ घेतं आणि मधला एखादा कपलर उभ्या दिशेने निसटतो. तिथे चढ-सपाटीचं उभं वळण अजून लांबवावं की ‘क’ वाढवावा, हे मला डब्याच्या आकड्यांवरून ठरवायचंय. लोड सेल उद्या येतोय. दोन वाघिणींमधली ओढ कुणी याआधी मोजली असेल तर सेल कपलरच्या दांड्यात बसवला की बोगीच्या खुंटीवर, तेवढं कळवा, कापाकापी सुरू करण्याआधी.