निजलेला घोडा

वेंगुर्ल्याचा पाऊस, शाळेच्या जांभ्याच्या भिंती आणि मधल्या सुट्टीतील भांडणे यांविषयी या स्मरणिकेत इतरजण लिहितीलच. मला लिहायचे आहे ते आमच्या गणिताच्या सरांनी लावलेल्या बुद्धिबळातील एका सवयीविषयी.

सप्टेंबर १९८४ मध्ये मॉस्कोत कार्पोव आणि कास्पारोव यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना सुरू झाला. जो आधी सहा डाव जिंकेल तो विजेता, असा नियम होता. ४८ डाव झाले, त्यांतील ४० बरोबरीत सुटले आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये सामना निकालाविना थांबवण्यात आला. एस.टी.ने उशिरा येणाऱ्या वर्तमानपत्रातील चाली सर वहीत उतरवून घेत आणि शाळा सुटल्यावर पटावर मांडून दाखवत. मध्यंतरी ओळीने सतरा डाव बरोबरीत गेले तेव्हा आम्ही मुले पार कंटाळलो. सरांना मात्र नेमका तेव्हाच हुरूप आला. जिंकलेल्या डावात कोण वरचढ होते हे निकाल पाहून कोणीही सांगतो, बरोबरीच्या डावात ते स्वतःच ठरवावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते.

ते पंधरावीस चालींनंतर डाव थांबवत, पुढच्या चालींवर पट्टी ठेवत आणि कोणाची बाजू बरी आहे व कशामुळे, हे प्रत्येकाला दोन वाक्यांत लिहायला लावत. ‘पांढऱ्याचे बरे आहे’ एवढ्यावर भागत नसे; कोणते प्यादे मागे राहिले आहे, कोणत्या घरातून आता कोणी कोणाला हुसकावू शकत नाही, कोणाचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला आहे, हे नाव घेऊन सांगावे लागे. एखादा मुलगा उतावीळपणे शह द्यायला निघाला की वर्गात प्रमाणभाषा न सोडणारे सर एकदम मालवणीत येत: “आधी तुझो घोडो खंय निजलो हा तो बघ!” हल्ल्याची संधी दिसत नसेल तेव्हा आपला सर्वांत निकामी मोहरा शोधावा, त्याच्यासाठी चांगले घर ठरवावे आणि तिथे पोहोचायला किती चाली लागतील ते मोजावे, एवढाच त्या ओरडण्याचा अर्थ होता. समोरच्याला काय करायचे आहे, हा प्रश्न मात्र त्याहूनही आधीचा.

सरांचा सर्वांत आवडता डाव १९७४ च्या नीस ऑलिंपियाडमधला, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेतला, कार्पोवने पश्चिम जर्मनीच्या उन्त्सिकरविरुद्ध पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळलेला. पटाच्या डाव्या कडेची उभी पट्टी मोकळी झाली होती आणि दोघांचे हत्ती तिच्यावर समोरासमोर आले होते. हत्तींची मारामारी झाली असती तर अडचणीत सापडलेल्या काळ्याला श्वास घ्यायला जागा मिळाली असती. कार्पोवने चोविसाव्या चालीला आपला उंट त्याच पट्टीवर, शत्रूच्या गोटात, ए-७ या घरात नेऊन ठेवला. त्या उंटाने ना शह दिला, ना काही मारले. पट्टी बंद केली, एवढेच. त्याच्या आडोशाला पांढऱ्याला हत्ती निवांत एकामागे एक लावता आले, आणि पट्टी पुन्हा केव्हा उघडायची हे तोच ठरवणार होता. मग त्याने राजाच्या बाजूला मोर्चा वळवला आणि डाव जिंकला. आम्हाला ती चाल आधी निव्वळ चमत्कारिक वाटली. प्रत्येक मोहरा काय काम करतो आहे हे वहीत लिहून काढल्यावर तिचे मर्म कळले.

पुढे कॉलेजात डच मानसशास्त्रज्ञ डी ग्रूट यांच्या अभ्यासाविषयी वाचले. डाव पाहताना मनात येईल ते मोठ्याने बोला, असे त्यांनी खेळाडूंना सांगितले होते, आणि ग्रँडमास्टर काही इतरांपेक्षा फार खोलवर चाली मोजत नाहीत, असे त्यांना आढळले. विचार करण्याजोग्या चाली त्यांना आधीच दिसतात. ही नजर केवळ बुद्धिबळाची कोडी सोडवून येते, असे मला वाटत नाही. कोड्यात जिंकणारी चाल आहे हे आधीच ठाऊक असते, खऱ्या डावात ते कोणी कानात सांगत नाही.

आता मुलांच्या हातात संगणक आहे आणि तो क्षणात ‘अधिक शून्य पूर्णांक सात’, म्हणजे पांढऱ्याचे थोडे बरे आहे, असा निवाडा देतो. आकडा बहुधा बरोबर असतो, पण तो कशामुळे हे सांगत नाही. शाळेत बुद्धिबळाचा वर्ग पुन्हा सुरू करण्याचा विचार आहे असे ऐकतो. तसे झाले तर पटांबरोबर प्रत्येक मुलाला एक वहीही द्यावी, आणि आपली दोन वाक्ये लिहून झाल्याखेरीज संगणक उघडू देऊ नये, एवढी माझी विनंती आहे. वह्यांचा खर्च मी आनंदाने देईन.