बोरीकाठचा आजचा दिवस

आज आईबाबांना घेऊन सोलापूरहून नळदुर्गला गेलो. नर-मादी धबधबे पाहायचे, एवढाच बेत होता. परंतु त्याआधी बोरी नदीकाठच्या हवालदार बचित्तर सिंग यांच्या स्मारकापाशी थांबलो आणि तिथून पाय निघेना.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या कारवाईसाठी भारतीय सैन्य आपल्या सोलापूरहूनच पुढे सरकले आणि त्याच दिवशी नळदुर्गजवळ पंजाबातील लोपो गावचे हे शीख जवान धारातीर्थी पडले. मांडीत गोळ्या घुसल्यावरही ते सरपटत शत्रूच्या मशीनगनपर्यंत पोहोचले आणि हातबॉम्ब टाकून त्यांनी ती बंद पाडली. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले; या सन्मानाचे ते पहिले मानकरी. मराठवाडा मुक्तिदिन आम्ही शाळेपासून ऐकत आलो, पण हे नाव मला इतक्या उशिरा कळावे, याचे फार वाईट वाटले. बाबांनी चप्पल काढून हात जोडले. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

नंतर किल्ल्यात गेलो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, आणि पावसाळ्यात नदी भरली की त्याच बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन्ही धबधबे कोसळतात. महालाच्या खिडकीसमोरून पाणी पडत असते, तरी आतली माणसे कोरडी राहतात. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांचे मला मनापासून कौतुक वाटते. तुषार अंगावर घेत आई हरखून उभी होती. माझ्या डोळ्यांपुढून मात्र ते स्मारक हलत नव्हते, म्हणून परतताना तिथे पुन्हा गाडी थांबवली आणि आईने वाटेत घेतलेली झेंडूची फुले वाहिली.