नवतप्यातून निघालेल्या कुंड्या: कीटकभक्षींची यंदाची खबर

नवतपा सरला, मिरगाची पहिली सर पडली आणि परसातल्या कुंड्यांचा हिशेब मांडला. पानं मिटून किडे धरणारे व्हीनस फ्लायट्रॅप तगले. उभ्या नळ्यांत किडे पाडणारी सारासेनिया तर ताटातलं पाणी आटू न दिल्यानं जोमात आहे. पानांच्या टोकाला घड्यासारखे सापळे धरणाऱ्या नेपेंथिस व्हेन्ट्राटाला मात्र होळीपासून एकही नवा घडा धरला नाही. पानाच्या टोकाला बारीक बोंडूक येतं आणि तिथंच वाळतं. साकोलीकडं मेअखेरीस पारा 45 ला टेकतो, हवेत ओल औषधालाही राहत नाही, तिथं घड्यानं तरी काय करावं! कुलरच्या बाजूला, पण थेट झोतात नाही, अशी जागा दिली म्हणून झाड तरी वाचलं. लाईन गेली की तीही सोय बंद.

पण विदर्भात ही झाडं होतच नाहीत असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. फ्लायट्रॅप मूळचा अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाचा. त्याला आणि सारासेनियाला हिवाळ्यात झोप लागते, ती नाही मिळाली तर दोन-तीन वर्षांत दम सुटतो. मुंबई-कोचीची मंडळी त्यासाठी कंद फ्रिजात ठेवतात. आपल्याकडं भंडारा-गोंदियात पौषातल्या रात्री 10 अंशांच्या खाली सहज जातात. घराच्या उत्तर बाजूला, दुपारचं ऊन न लागणाऱ्या ठिकाणी कुंड्या सरकवल्या, पाणी कमी केलं, बस. पानं खुरटतात, सापळे काळे पडतात, नवखा माणूस घाबरून झाड फेकून देतो. फेकू नका. फाल्गुनात कंदातून नवी पानं वर येतात आणि तेव्हाच कंद फोडून वाटणीही होते.

म्हणून माझा अदलाबदलीचा नियम सोपा आहे: आपल्या हवेत जे फुकट होतं ते द्यायचं, दुसऱ्याच्या हवेत जे फुकट होतं ते घ्यायचं. फ्लायट्रॅपचे फुटवे कोचीला गेले, तिकडून नेपेंथिसच्या काड्या आल्या. त्या ओल्या स्फॅग्नम शेवाळात खोचल्यात, पावसाळाभर मुळं धरतील. मेघालयातला नेपेंथिस खासियाना कोणी देऊ केला, तर रोपवाटिकेतला आहे का ते आधी विचारा. भारतात रानात उगवणारा घटपर्णी, म्हणजे नेपेंथिस, तेवढाच, आणि तो सायटीसच्या, म्हणजे दुर्मिळ जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे.

आपलं खरं नाणं म्हणजे दवबिंदू, पानांवरच्या केसांच्या चिकट थेंबांनी किडे धरणारा ड्रोसेरा. धान निसवायच्या सुमारास बांधीच्या धुऱ्यावर, ओल्या रेताड जागी ड्रोसेरा बर्मानीची लालसर चकती दिसते, रुपयाच्या नाण्याएवढी. झाड उपटू नका, वाळलेल्या दांड्यातलं चिमूटभर बी कागदावर झटकून घ्या. ते काळ्या भुकटीसारखं असतं. धुतलेला कोकोपीट आणि वाळू यांच्यावर भुरभुरायचं, वरून झाकायचं नाही, उजेड लागतो. हे वर्षायू झाड, स्वतःच फळतं, त्यामुळं एका कुंडीतून पुढल्या हंगामाचं बी निघतं.

कार्तिकात ओसरीच्या दिव्याला धानावरचे तुडतुडे झुंडीनं येतात. त्या दिव्याखाली एक कुंडी ठेवून पाहा. तुडतुडा चिकटला की कडेचे लांब केस काही सेकंदांत आत वळतात आणि त्याला मधल्या डिंकावर नेऊन टाकतात. शेजारचे काका तर म्हणाले, "अख्ख्या बांधीत हेच लाव गा!"

पाण्यात मात्र तडजोड नाही. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आमच्या बोअरचं पाणी पाचशेच्या वर, झाडांना पन्नासच्या आत लागतं. टिनावरची पहिली सर वाहू द्यायची, पुढचं पाणी ड्रमात भरून तोंडाला फडकं बांधायचं, नाही तर डासांची शेती होते. उन्हाळ्यात ताटातलं पाणी उडतं नि क्षार मागं राहतात, ते धुऊन जावेत म्हणून आता सगळ्या कुंड्या उघड्या पावसात ठेवल्यात. खत कशालाच नाही.

बी पाठवताना कागदी पुडीवर भरवसा नको, शिक्क्याखाली चिरडतं. सरबताच्या नळीचा तुकडा घ्यावा, बी भरून दोन्ही तोंडं मेणबत्तीवर चिकटवावीत. रोपं सोमवारीच टाकावीत आणि एप्रिल-मेमध्ये अजिबात नाही.

सध्या माझ्याकडं बर्मानीचं बी भरपूर आहे. बदल्यात ड्रोसेरा इंडिकाचं बी किंवा पिवळ्या सारासेनियाचा फुटवा चालेल. फ्लायट्रॅप आता फाल्गुनातच.