दहा हंगाम

पीएफच्या कामाला बाई सहसा एकटी येत नाही. सोबत मुलगा, जावई, नाहीतर गल्लीतला मोबाइलवाला पोरगा असतो. ही आक्का एकटीच आली. अमळनेरला आमचं, पीएफची कागदपत्रं करून देणाऱ्यांचं, ऑफिस माडीवर आहे. जिना चढून आली ती दारातच टेकली. मग पिशवीतून दुसरी पिशवी, तिच्यातून रुमाल आणि रुमालातून कागद निघाले.

सगळ्यात वर १०-सी फॉर्म, कुणीतरी भरून दिलेला. फक्त अंगठा बाकी. तो मंजूर झाला की पेन्शनखात्यातली रक्कम एकदाच हातात पडते आणि सेवेची पाटी कोरी होते. वरवर पाहता भरणाऱ्याचं चुकलंही नव्हतं. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कवडी (खराब, डागी कापूस) निवडायचं काम, दिवाळीनंतर सुरू, होळीच्या आसपास बंद. यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, सहा हंगाम दिसत होते. पाच-पाच महिने धरले तर अडीच वर्षं. ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत, पेन्शनला दहा वर्षं लागतात. (साडेनऊ भरली तरी दहा धरतात, पण अडीचचं काय करणार?)

"शाई द्या ना भाऊ," आक्का म्हणाली.

मी पॅड ड्रॉवरमध्येच ठेवलं. त्या योजनेत एक ओळ आहे, आमच्या धंद्यातल्याही बऱ्याच जणांच्या नजरेतून ती सुटते: हंगामी आस्थापनेतल्या कामगाराचं वर्षातलं काम बारा महिन्यांपेक्षा कमी भरलं, तरी ते पूर्ण वर्ष धरायचं. म्हणजे अडीच नाही, सहा. यूएएन आले २०१४ मध्ये. त्याआधीचं काम कुठे होतं?

"आक्का, कामाला कोणत्या सालापासून लागल्या?"

"साल माले नही माहीत भाऊ. थोरली पोर बायतीन व्हती, त्या साल मन्हं काम बंद व्हतं."

आमचे सगळे फॉर्म सालं विचारतात. बाई सांगते बाळंतपणं, लग्नं, सासूचं आजारपण. मी कोरा कागद घेतला आणि नातवंडांच्या वयावरून मागे मोजत गेलो. थोरल्या नातवाचा जन्म, सासू अंथरुणाला खिळली ते वर्ष, पोराची दहावी. तासाभरात हिशेब लागला: २००८ च्या दिवाळीनंतर सुरुवात, शेवटचा हंगाम २०१९-२० चा, लॉकडाऊनने मोडलेला. एकूण बारा. त्यातले दोन घरच्यांसाठी गेलेले. राहिले बरोबर दहा. एकही कमी असून चालणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी जिनिंगवर गेलो. मुनीमजींनी माळ्यावरचे गठ्ठे काढून दिले. ३-ए म्हणजे प्रत्येक कामगाराचं वर्षभराच्या वर्गणीचं कार्ड. तेव्हा हंगामाला नवा पीएफ नंबर द्यायची पद्धतच होती, जुना शोधण्याचा ताप कोण घेणार? तीन कार्डं सापडली. चौथं सापडेना. शेवटी आडनाव सोडून मी फक्त तिच्या नावाची कार्डं बाजूला काढली, तेव्हा एकावर बापाचं नाव आणि माहेरचं आडनाव दिसलं. त्या वर्षीचा मुकादम तिच्या माहेरच्या गावचा. त्याने ओळखीच्या नावाने हजेरी लावली, आणि कार्डावर ते नाव उतरवणारं अक्षर माझं होतं. त्या काळी गठ्ठ्याने कार्डं लिहायचो, समोर बाई उभी नसायचीच.

ती बाई हीच, हे दाखवायला कार्डाला जोडलेला नॉमिनेशनचा फॉर्म उपयोगी पडला. त्यावर नवऱ्याचं आणि तिन्ही पोरांचं नाव होतं. खाली निळा अंगठा, मधोमध रेषा पुसलेल्या. आजही तिचा अंगठा मशीनवर तिसऱ्या-चौथ्या वेळेला उमटतो.

मालकांच्या सहीने जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे मालक-कामगाराचा नावदुरुस्तीचा अर्ज, गेलं, नंबर जोडून घेतले, मग पेन्शनचा १०-डी. एकदा फाइल परत आली, महिने मोजून "सेवा अपुरी" असा शेरा मारून. मी हंगामी सेवेची ती ओळ अधोरेखित करून पुन्हा पाठवली. हे काम २०२३ च्या उन्हाळ्यात सुरू झालं आणि दिवाळी होऊन गेली तरी चालूच होतं.

हे करताना मला पोरींचे १०-सी आठवत होते. १९५२ च्या पीएफ योजनेत लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या बाईला पैसे काढायला दोन महिने थांबायची अट नव्हती. सवलतच ती. पण त्याच धांदलीत पेन्शनचेही पैसे काढून किती जणींनी चार-पाच वर्षांची सेवा पुसून टाकली, त्यातले कितीतरी फॉर्म मीच भरले. आक्काने काही काढलं नव्हतं, कारण काढता येतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पेन्शनचं सूत्र साधं आहे: सरासरी पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. तिची सरासरी ६,३०० रुपये, म्हणून ९०० आले. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० आहे, त्यामुळे हजार लागले. ५८ वर्षं पूर्ण झाल्यापासूनची थकबाकी धरून पहिली रक्कम जमा झाली.

पासबुक घेऊन आक्का जिना चढून आली. आकडा मी दोनदा वाचून दाखवला. तिने बोट आकड्यावरून उचलून पहिल्या पानावर ठेवलं.

"नाव कोनतं शे भाऊ? माहेरनं का सासरनं?"