पेन्शन नवऱ्याची, नाव बायकोचं

दापोलीला जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. इंग्रजांच्या काळात इथं छावणी होती, आणि फौजेतून सुटलेले पेन्शनर इथंच घरं करून राहायचे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ, तेही निवृत्तीनंतर काही काळ इथं होते. पेन्शनीची चौकशी हा आमच्याकडचा शंभर वर्षांहून जुना उद्योग आहे. सध्या त्यातला थोडा माझ्या दुकानात चालतो.

मी सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पॅनकार्ड, आणि नोव्हेंबर लागला की हयातीचे दाखले. ऐंशीच्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, तरी सगळ्या आज्या दिवाळी उरकूनच उगवतात. "बाय, माजा अंगठा काय उठत नाय गो." कसा उठणार? जन्मभर काजूच्या बिया फोडल्यात, टरफलातल्या तेलानं कातडी खाल्लीय. २०२१पासून चेहऱ्यावरून दाखला निघतो, ते बरं झालं. फक्त मोबाईल समोर धरला की आज्या फोटोला बसल्यासारख्या ताठ होतात आणि पापणीच हलवत नाहीत, म्हणून "आजी, डोळे मिटा, उघडा" हे ओरडून सांगावं लागतं. ज्यांना घाटी चढवत नाही त्यांच्यासाठी पोस्टमन घरी येऊन दाखला काढतो, पोस्टाच्या बँकेतर्फे. त्याचे थोडे पैसे पडतात, पण रिक्षापेक्षा स्वस्त.

हे सगळं सोपं. अडतं ते नावात.

आमच्या वाडीतल्या एका आजींचे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीत होते. सुट्टीवर आले, लग्न झालं, परत गेले. पलटणीत त्यांनी बायकोचं माहेरचं नाव लिहून दिलं, कारण तोंडात तेच होतं. सासरी नाव बदललेलं. मतदार यादीत तिसरंच, घरात हाक मारायचे ते, आणि आधार त्यावरून निघालं. जन्मतारखेचा रकाना तर कोराच. नवरा होता तोवर हे कुणाला दिसलं नाही, कारण पेन्शन त्यांच्या नावावर येत होती.

ते गेल्यावर कुटुंब पेन्शन सुरू करायलाच नाकी नऊ आले. मग आजींना ऐंशी पूर्ण झाली. त्या महिन्यापासून मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळायला हवं; पंचाऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५०, शंभरीला दुप्पट. किमान कुटुंब पेन्शन ९,००० धरली तरी महिन्याला १,८०० होतात, वर त्याचा महागाई भत्ता वेगळा. आजींना छदामही वाढला नाही. वाढणार कसा? कागदावर त्यांना वयच नव्हतं.

मग प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन, वयाचा पुरावा, रत्नागिरीचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, तिथून अर्ज बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला. (महार रेजिमेंटवाल्यांचं रेकॉर्ड सागरला, मध्य प्रदेशात.) पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे म्हणून तिकीट वाचलं, पण रत्नागिरीला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो.

हेच काम नवरा हयात असताना त्याच्या सहीनं किती तरी सोपं होतं. आता डिफेन्सच्या पेन्शनी 'स्पर्श' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर आल्यात. लॉगिन केलं की कुटुंबाच्या तपशिलात बायकोचं नाव आणि जन्मतारीख दिसते. म्हणून दाखल्याला कुणी रिटायर्ड नाईक, हवालदार आले की मी विचारते, "काका, काकींचं नाव बघायचं का?" निम्मे भडकतात. "मी मेल्यावरचं आत्ताच कशाला?" काकी बाजूला बसून पदराशी चाळा करतात. त्यांनी विषय काढला तर अभद्र बोलल्या म्हणून घरात आठवडाभर ऐकायचं. म्हणून मी काढते. मला शिव्या पडल्या तरी चालतात.

आणखी एक तक्रार ठरलेली: "आमची पेन्शन कापली." बहुतेकदा कापलेली नसते. निवृत्तीनंतर नवरा वारला, तर पहिली सात वर्षं किंवा तो सदुसष्टचा झाला असता तोवर, यातलं आधी येईल तिथपर्यंत वाढीव दरानं मिळते. पुढं शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांवर येते. हे आधी कुणी सांगत नाही, एकदम खात्यावर कळतं.

ज्यांनी पंधरा वर्षं भरायच्या आत फौज सोडली त्यांना पेन्शन नाही. त्यांच्या बायका श्रावणबाळच्या रांगेत उभ्या दिसतात. केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत असते, हवालदार हुद्द्यापर्यंतचे पेन्शन नसलेले माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा, वय पासष्टच्या वर. त्याचा रस्ताही सैनिक कल्याणमधूनच. आणि २०२०पासून माजी सैनिकांना घरपट्टी माफ आहे, ती ग्रामपंचायतीत जाऊन मागावी लागते. आपणहून कोण देणार!

माझ्याकडे येताना डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), दोघांचं आधार आणि आधारला जोडलेला मोबाईल आणा. मुंबईतल्या मुलाचा नंबर जोडला असेल तर ओटीपी सांगायला त्याला फोनवर बसवा. डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स पुरते. मूळ पुस्तक कुणाकडे ठेवू नका, माझ्याकडेही नको.