जाम घाटातला पाऊस आणि काकांचे ब्रेक

इंदूर ते नाशिक, सायकलने, पाच दिवस, अकरा जण. लिहितोय मात्र फक्त पहिल्या दिवसाबद्दल. पुढचे चार दिवस बहुतेक आग्रा-मुंबई हायवेने गेले आणि हायवेबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नसतं. पहिला दिवस राजवाडा ते महेश्वर, महू आणि जाम गेटमार्गे, साधारण ९० किलोमीटर. इंदुरातच राजेंद्रनगरला पाऊस लागला तो रात्री झोपेपर्यंत अधूनमधून होताच.

आदल्या रात्री ग्रुपवर नेहमीची चर्चा झाली. यलो अलर्ट आहे, ऑरेंज आहे, एक दिवस पुढे ढकलू या. शेवटी काकांचा मेसेज आला, "मी साडेपाचला राजवाड्यावर पोहे खाऊन निघणार. ज्याला यायचं त्याने या." काका म्हणजे आमच्यातले सगळ्यांत मोठे, वय ६४, विद्युत मंडळातून निवृत्त. त्यांच्यापुढे कोण बोलणार?

तर साडेपाचला अहिल्याबाईंच्या पुतळ्याला नमस्कार केला, जिरावन मसाला भुरभुरलेले पोहे खाल्ले आणि निघालो. जिलबी एकच घ्या. मी तीन घेतल्या आणि राऊपर्यंत पस्तावलो.

महूपर्यंतच्या २३ किलोमीटरमध्ये आमच्या तीन पंक्चर झाल्या. पावसात पंक्चर जास्त होतात हे ऐकून होतो, पण पटलं त्या दिवशी. ट्रकच्या फाटलेल्या टायरमधल्या बारीक तारा आणि काचा ओल्या रबराला चिकटतात, आणि पाण्यामुळे आत सहज शिरतात. शिवाय ओल्या ट्यूबवर पॅच बसत नाही. सोल्यूशन लावा, फुंकर मारा, शर्टाने पुसा, काही उपयोग नाही. म्हणून पावसाळ्यात निघताना प्रत्येकाने स्वतःच्या मापाच्या दोन नव्या ट्यूब ठेवाव्यात आणि पॅचचं काम रात्री मुक्कामी करावं. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून तार शोधा. आमच्या डॉक्टर ताईंनी घाईत ती शोधली नाही, आणि तिसरं पंक्चर त्याच तारेचं होतं. हवा मी नेहमीपेक्षा ५ ते १० पीएसआय कमी ठेवतो. ओल्या रस्त्यावर पकड बरी राहते.

महूला बाबासाहेबांच्या जन्मस्थळाचं स्मारक आतून बघायचा बेत होता. पण अंगातून पाणी निथळत असताना आत जाणं बरं दिसेना, म्हणून बाहेरूनच हात जोडले.

महूच्या पुढे बडगोंदा सोडलं की रस्ता सुंदर होतो. दोन्ही बाजूंना सोयाबीन, मध्ये मध्ये पळस, आणि समोरून कावडिये. नर्मदेचं पाणी घेऊन उज्जैनला महाकालाकडे निघालेले, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पाय अनवाणी. त्यांचा सावन पौर्णिमा झाली की लगेच लागतो, आपला श्रावण अमावास्येनंतर. त्यामुळे त्यांचे उपास सुरू झालेले आणि आमच्या घरची दीप अमावास्या अजून व्हायची होती. इंदुरातल्या मराठी घरांना दर वर्षी हे पंधरा दिवस शेजाऱ्यांना समजावून सांगावे लागतात. कावडियांची गर्दी असेल तर घंटी वाजवत घुसू नका. त्यांचं लक्ष खांद्यावरच्या कावडीकडे असतं. "बोल बम" म्हटलं की वाट देतात.

रेनकोटचं एक सांगून टाकतो. जाड रेनकोट घालून चढ चढलात तर आतून घामाने भिजता, म्हणजे भिजणं काही टळत नाही. मी पातळ विंडचीटर घालतो आणि भिजतो. पाऊस अंगावर घेणं तितकंसं वाईट नाही, ओल्या अंगाने थांबणं वाईट. चहाला थांबलो की दहा मिनिटांत दात वाजायला लागतात. म्हणून थांबे छोटे ठेवा, आणि एक कोरडा बनियन किराणा दुकानातल्या जाड पिशवीत गाठ मारून जवळ ठेवा. महागड्या वॉटरप्रूफ बॅगा दोघांकडे होत्या, दोन्हींच्या चेनमधून पाणी आत गेलं. पिशव्यांना काही झालं नाही.

जाम गेटला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला हा दरवाजा विंध्याच्या अगदी कडेवर उभा आहे. अलीकडे माळवा, पलीकडे खाली निमाड. एरवी इथून खालचं मैदान दूरवर दिसतं. आम्हाला दरवाजाच दहा पावलांवर आल्यावर दिसला. धुकं, दोन्हीकडे आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या, शेगडीवर भाजणारे भुट्टे आणि सेल्फी काढणारी निम्मी इंदूर. शक्य असेल तर इथे रविवारी येऊ नका. आम्ही रविवारीच आलो होतो.

आता मुख्य गोष्ट. घाट इथून खाली उतरतो, ४०० मीटरपेक्षा जास्त. काकांची सायकल जुनी, स्टीलची, रिमला रबर घासणारे ब्रेक. इंदूरपासूनच्या पावसात रस्त्याची बारीक वाळू रिमला लागून ते रबर सँडपेपरवर घासल्यासारखं झिजत आलं होतं, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या वळणावर मागून खर्र असा आवाज आला. मागे पाहिलं तर काका दोन्ही पाय जमिनीवर घासत येताहेत.

"काका, काय करून राहिलात?"

"ब्रेक लावून राहिलोय," काका म्हणाले.

कसेबसे थांबले. मागच्या ब्रेकचं रबर संपून धातू रिमला लागत होता, पुढचं नखाएवढं उरलं होतं. आमच्याकडे स्पेअर पॅडचे चार जोड होते, चारही डिस्क ब्रेकचे. अकरा जणांत रिम ब्रेक फक्त काकांचे, आणि निघण्याआधी कुणी विचारलंच नव्हतं. त्यामुळे निघायच्या आठवडाभर आधी एका कागदावर प्रत्येकाच्या सायकलचा ब्रेक कुठला, ट्यूबचं माप काय, वॉल्व्ह बारीक (प्रेस्टा) की जाड (श्रेडर), हे लिहून काढा. हवामानाच्या चर्चेपेक्षा हे जास्त कामाचं. आणि डिस्कवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. चिखलपाण्यात त्यांचे पॅडही भराभर जातात.

काका घाट पायी उतरले. मी आणि बँकेतले दादा त्यांच्याबरोबर, बाकीच्यांना हळूहळू पुढे पाठवलं. पुढे गेलेल्यांतला एक कॉलेजचा मुलगा वळणावर साचलेल्या खडीत पडलाच, कोपर सोललं, बाकी ठीक. ओल्या घाटात ब्रेक वळणाच्या आधी लावायचे, वळणात नाही. रिम ब्रेकवाल्यांनी आधी हलकेच दोनतीनदा दाबून रिमवरचं पाणी पुसायचं, मग जोर द्यायचा. पांढऱ्या पट्ट्यांवरून आणि तेलाचे रंग चमकतात तिथून चाक जाऊ द्यायचं नाही. दोन सायकलींत कोरड्या रस्त्याच्या दुप्पट तरी अंतर, आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू.

घाट उतरला आणि हवा बदलली. वर थंडी वाजत होती, खाली दमट उकाडा. सोयाबीन गेलं, कापूस आला. पाऊसही जरा ओसरला, आणि इथे आमची दुसरी चूक झाली. उशीर भरून काढायला मोबाईलच्या नकाशावरून एक गावातला शॉर्टकट धरला. चार किलोमीटरवर रपटा, म्हणजे नाल्यावरचा बसका फरशी पूल, आडवा आला. नाल्यावरून तपकिरी पाणी वाहत होतं, फार नाही, पोटरीभर दिसत होतं. एक ट्रॅक्टर आमच्या डोळ्यांदेखत पार झाला. कोपर सोललेला मुलगा म्हणाला, सायकल खांद्यावर घेतो आणि जातो.

पलीकडच्या झाडाखाली बसलेले एक बाबा ओरडले, "पानी मत देखो बेटा, धार देखो." त्यांनी एक वाळकी फांदी पाण्यात टाकली. ती सरळ पलीकडे न जाता सर्रकन रपट्याच्या कडेवरून खाली गेली. मुलगा गप्प बसला.

आम्ही सव्वा तास थांबलो. एका घराच्या ओसरीवर जागा मिळाली, चहा मिळाला, आणि नको नको म्हणता मक्याची रोटी आणि अंबाडीची भाजी. पैसे घेतले नाहीत. शेवटी मुलांना बिस्किटांचे पुडे देऊन आलो. पाणी उतरलं आणि रपट्याचा काठ दिसला तेव्हा कळलं, कडेचा हातभर काँक्रीट तुटून गेलेला होता. पाण्याखाली तो दिसणं शक्यच नव्हतं. पावसाळ्यात मुख्य रस्ता सोडू नका. सोडलाच, तर रपट्याशी थांबायचा वेळ धरूनच सोडा.

मंडलेश्वरला नर्मदा दिसली, गढूळ, काठोकाठ. महेश्वरला पोचायला साडेपाच झाले. ठरलं होतं दोन. घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या आणि नावा वर बांधून ठेवल्या होत्या. या दिवसांत पाय धुवायलाही खाली उतरू नका. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की पातळी पाहता पाहता चढते. किल्ल्याच्या तटावरून बघितलेली नर्मदा पुरेशी आहे.

मुक्कामी पोचल्यावर आधी अंघोळ करावीशी वाटते, पण आधी सायकल. चेनवरची वाळू बादलीभर पाण्याने उतरवा, फडक्याने कोरडी करा, तेल घाला, जास्तीचं पुसा. बुटांमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला, सकाळपर्यंत बरेच सुकतात. मांड्यांना व्हॅसलीन लावायचं राहिलं असेल तर ते आता आठवेलच.

काका मात्र सायकल घेऊन बाजारात गेले होते. तासाभराने परतले ते साध्या सायकलचे ब्रेक-रबर घेऊन, ६० रुपयांचे दोन जोड. दुकानदाराने कानसने घासून मापात बसवून दिले होते. दुसरा जोड त्यांनी माझ्या हातात ठेवला.

"माझे डिस्क आहेत, काका."

"ठेव. मीच विसरेन कुठे ठेवले ते."

पहाटे साडेपाचला पुन्हा पाऊस होता. धामनोदपर्यंत १३ किलोमीटर, मग हायवे. काका फाटकाशी उभे राहून ब्रेक दाबून बघत होते.